आक्काच्या बोटांवरची देवी

मला एका गाईचा हेवा वाटला. नातवंडं झाली, गुडघे कुरकुरायला लागले, तरी वाटला. आणि वाटलाच आहे तर तो झाकून ठेवण्यात काय अर्थ आहे?

आक्काच्या गोठ्यात गेले होते. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिला गावातच दिलेली, अक्कलकोटच्या वाटेवरच्या आमच्या गावात. वडील गेल्यावर आई तिच्याकडे चार दिवस म्हणून गेली आणि तिथलीच झाली. मी सोलापुरात नांदले, सोलापुरातच म्हातारी झाले. तर लंपीच्या साथीत आक्काची खिलार गाय आडवी झाली होती. रतन तिचं नाव. अंगभर गाठी, पाय सुजून खांबासारखे झालेले, डोळ्यांना धार. गावोगावचे जनावरांचे बाजार बंद होते, आणि फोनवर आक्का गाईशिवाय दुसरं बोलत नव्हती. आता रतन उठली होती, कडबा खात होती, पण तिच्या पांढऱ्या कातडीवर गाठींच्या जागी गोल गोल वण राहिले होते. तिथं केस उगवले नव्हते. आणि ऐंशी ओलांडलेली माझी आई दावणीपाशी पोत्यावर बसून त्या वणांना करंजाचं तेल लावत होती. एकेका वणावर बोट ठेवायचं, हळू फिरवायचं, मग पुढचा वण. "सोस गं माय. झालं, झालं आता," असं तिचं चाललेलं.

मी दारात उभी. निघताना फोन करून सांगितलं होतं, येते म्हणून. आईनं मान वर केली, "आलीस व्हय? चपला भाईरच ठेव," म्हणाली आणि पुन्हा गाईकडे वळली.

त्या बोटाकडे बघताना माझ्या पोटात दुखलं. दुखणं जुनंच होतं, त्याची माझी चांगली ओळख आहे. ते बोट असं फिरताना मी पूर्वी एकदा पाहिलं होतं, आणि तेव्हाही ते माझ्यावर फिरत नव्हतं.

चैत्र होता. गावातले सगळे कडुलिंब फुललेले. लिंबाचा मोहर कधी हुंगलाय? पाल्याच्या कडूपणाचा त्यात मागमूस नसतो. मंद, गोडसर, दुपारच्या झळांवर बसून तो घरात यायचा आणि ओसरीवर बारीक पांढरी फुलं सांडून ठेवायचा. मी तेव्हा दुसरी-तिसरीत असेन. आक्का चौदाची. वडील सोलापूरला गिरणीत कामाला, आठवड्याला घरी यायचे, त्यांच्या सदऱ्याला सुताचा वास असायचा. घरी आम्ही तिघी आणि चंद्री.

चंद्री म्हणजे आमची म्हैस. पंढरपुरी जातीची, शिंगं पार पाठीपर्यंत गेलेली. मोठी मानिनी बाई. ती पान्हा सोडायची तो फक्त आक्काच्या हाताला. आई बसली तरी पाय आपटायची, मी जवळ गेले तर फुरफुरायची. आक्का नुसती "हं, चंद्रे" म्हणाली की डोळे मिटून उभी. सकाळी मला जाग यायची ती चरवीत पडणाऱ्या धारेच्या आवाजानं. आधी रिकाम्या पितळेवर टणटण, मग चरवी भरत आली की मऊ, घुमा आवाज. अंथरुणात पडून ऐकताना मला तो आवडायचाही आणि रागही यायचा. घरातल्या म्हशीनंसुद्धा आपलं-परकं करावं म्हणजे काय!

त्या काळी देवी हा शब्द घरात कुणी मोठ्यानं उच्चारत नसे. शाळेच्या भिंतीवर मात्र तो गेरूनं लिहिलेला होता, देवीचा रोगी दिसल्यास कळवा म्हणून. दंडावर टोचायला सरकारी माणसं आली की आम्ही पोरं कणगीमागं लपायचो. देवी जाण्याच्या वाटेवर होती म्हणे, पण गेली असं छातीवर हात ठेवून सांगणारं कुणी नव्हतं. आईच्या तोंडावर तिच्या खुणा होत्या. गालांवर, कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर बारीक खळगे. लहानपणी मी त्यांत करंगळीचं टोक बसवून बघायची. आईच्या माहेरी देवी आली तेव्हा ती आणि तिचा धाकटा भाऊ दोघंही पडले होते. आई उठली. भावाचं नाव तिनं आम्हाला कधी सांगितलं नाही. "लई देखना हुता. समदी त्यालाच बघायची," एवढंच म्हणायची आणि हातातल्या कामाला लागायची.

तर त्या चैत्रात चंद्रीच्या सडांवर फोड आले. गावातल्या आणखीही म्हशींना आले होते. लोक म्हणाले, म्हशींना देवी आल्यात. आक्का कोमट पाण्यानं कास धुवायची, लोणी लावायची आणि फुंकर घालत धार काढायची. असेच काही दिवस गेले आणि एका सकाळी ताटावर बसताना आक्कानं हात पुढं केला. तिच्या बोटांवर तसेच फोड होते. मध्ये खळगा असलेले, मोत्याच्या रंगाचे. अंगात ताप होता, काखेत गाठ आली होती.

आई त्या वेळी आमटीला फोडणी देत होती. तिनं तो हात बघितला. चुलीवरची पळी तशीच उचलून बाहेर नेऊन पालथी केली. आत आली, पदर डोक्यावरून घेतला, आणि आक्काच्या पायांवर डोकं ठेवलं.

"आलासा, बसा," आई म्हणाली. "गरिबाचं घर हाय. चुकलं-माकलं पदरात घ्या. लेकराला संबाळा."

आक्काला! जी काल माझ्या वाटचा चिंचेचा गोळा खाऊन बसली होती त्या आक्काला आई आलासा-बसा म्हणत होती. मला हसू फुटलं. पुढं मात्र फार दिवस हसू आलं नाही.

देवी घरात आहे म्हटल्यावर घराची रीतच बदलली. दाराला लिंबाचा डहाळा. फोडणी नाही, तळण नाही, देवीला त्याचा चटका बसतो म्हणून. शेंगाची चटणी कुटायचं उखळ पालथं झालं. आमच्याकडे सकाळ म्हणजे त्या उखळाचा ठोका, तो थांबल्यावर घर बहिरं झाल्यासारखं वाटायला लागलं. कुणी केस विंचरायचे नाहीत, मोठ्यानं बोलायचं नाही, चपला घालून उंबरा ओलांडायचा नाही. मधल्या खोलीत लिंबाच्या पाल्यावर आईचं लग्नातलं लुगडं अंथरून त्यावर आक्का. आई तिला दहीभात भरवायची. स्वतःच्या हातानं, लहान लहान घास करून. वडील गिरणीतून आले की रुमालात द्राक्षं असायची. आमच्या घरी द्राक्षं! आई ती सोलून तिच्या तोंडात घालायची. आणि दुपारी, झळा चढल्यावर, लिंबाच्या पाल्यात वाटलेली हळद बोटाच्या टोकावर घेऊन एकेका फोडाभोवती फिरवायची. फोडाला धक्का न लावता, हळू. तोंडानं काहीतरी गुणगुणत असायची, गाणं नव्हे, नुसता सूर. तो सूर मला माझ्यासाठी कधी ऐकल्याचं आठवत नाही.

आणि मी? मला पहिल्याच दिवशी शेजारच्या गौरव्वाकडे पाठवलं. गौरव्वा म्हणजे कपाळाला विभूती लावणारी, अर्धं कानडी अर्धं मराठी बोलणारी, पोरबाळ नसलेली ऐसपैस बाई. "बा तंगी, ऊटा माडु," म्हणजे ये बाई, जेव, असं म्हणत ती मला ताटावर बसवायची. तिच्याकडे शेंगाच्या पोळ्या होत्या, तुपाची धार होती, लसणाच्या फोडणीचं वरण होतं. आमच्या घरी दोघी अळणी भात खात असताना मी तिथं चमचमीत जेवत होते, आणि एकेक घास घशाखाली उतरताना मला वाटत होतं, मला तो पांढरा दहीभात हवा. आईच्या बोटांचा.

दिवसातून कितीदा तरी मी आमच्या दाराशी जाऊन उभी राहायची. आई मला बघायची नाही. बघितलं न बघितल्यासारखं नव्हे, खरंच बघायची नाही, तोंड फिरवायची. एकदा पळत येताना उंबऱ्याशी आपटले. गुडघा फुटला, रक्त आलं. "आई!" म्हणून टाहो फोडला. आई आक्काच्या उशाशी बसली होती. तिनं मान वळवली नाही. भिंतीकडे बघत मोठ्या आवाजात म्हणाली, "गौरव्वा, कुणाचं प्वार हाय बगा. घिऊन जावा."

कुणाचं पोर! गौरव्वानं मला उचलून नेलं. गुडघ्याला हळद लावली, गूळ दिला. मी गूळ थुंकून टाकला. आपलं ते बाळ आणि दुसऱ्याचं ते कार्टं ही म्हण मी शाळेत ऐकली होती, पण एकाच आईच्या घरात ती लागू पडते हे त्या दिवशी समजलं.

मग मी ठरवलं, मलाही देवी येऊ देत. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच असावं. दुपारी सगळे पेंगत असताना गोठ्यात शिरले आणि चंद्रीच्या कासेखाली दोन्ही हात घातले. फोडांवर बोटं घासली. चंद्रीनं मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि अशी लाथ झाडली की मी शेणाच्या पाटीत जाऊन बसले. पण हात लागला होता, काम झालं होतं. त्यानंतर रोज सकाळी उजेडात बोटं धरून बघायची. उलटून, पालटून. एखादी पुळी? एखादा लालसर ठिपका? काही नाही. बोटं आपली साबणानं धुतल्यासारखी नितळ. शेवटी चुन्याच्या डबीतला चुना घेऊन बोटांवर ठिपके दिले आणि तोंड पाडून गौरव्वापुढं जाऊन उभी राहिले. ती पोट धरधरून हसली आणि मला रांजणापाशी नेऊन हात धुतले. देवीलासुद्धा आक्काच पसंत पडली होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

टोचणारे डॉक्टर पुन्हा गावात आले तेव्हा त्यांनी आक्काचा हात बघितला आणि सांगितलं, ही ती देवी नव्हे, ही म्हशीची. धारा काढणाऱ्यांच्या हाताला येते, आपोआप वाळून जाईल. झालं, आता उठेल आक्का त्या लुगड्यावरून, असं मला वाटलं. पण आई डॉक्टरांना पाणी देत शांतपणे म्हणाली, "म्हशीची का आसंना, देवीच की. बसा म्हनून सांगिटलं, आता उठा कसं म्हनू?" आणि शेवटची खपली गळेपर्यंत तिनं आक्काला उठू दिलं नाही.

मग एका दिवशी लिंबाच्या पाण्यानं आक्काला न्हाऊ घातलं, वेशीबाहेरच्या देवळात दहीभाताचा निवद पोचला, आणि आमच्या घरात पुन्हा मोहरी तडतडली. त्या फोडणीच्या ठसक्यानं मला गौरव्वाच्या ओसरीवर शिंक आली. मी पळत घरी आले. आईनं मला पुढ्यात ओढून घट्ट वेणी घातली, इतकी घट्ट की डोळ्यांत पाणी आलं.

त्या वाड्या-वस्तीतलं आता काही उरलं नाही. चंद्री गेली, गौरव्वा गेली, वडिलांची गिरणी बंद पडून तिथं झुडपं माजली. देवी तर जगातूनच गेली, माझ्या मुलांना टोचावंसुद्धा लागलं नाही. गेला नाही तो माझा हेवा. आक्काच्या बोटांवर ते वण राहिले, मसुरीएवढे, पांढुरके. तिच्या लग्नात हळद लागताना मी त्यांच्याकडेच बघत होते. लोकांना बहिणीच्या दागिन्यांचा हेवा वाटतो, मला वणांचा. मी सोलापुरात बी.एड. केलं, शाळेत लागले, घर बांधलं. त्या घरात आईसाठी खालची खोली ठेवली. खिडकीशी पलंग, अंघोळीला बसायला पाट. दर दिवाळीला मी न्यायला यायची, दर दिवाळीला काहीतरी निघायचं. गाय व्यायला झाली आहे. बाजरीची खळी व्हायची आहेत. आक्काची कंबर धरली आहे. फार तर दोन रात्री राहायची आणि तिसऱ्या सकाळी पिशवी भरून दारात बसायची.

या वेळी मी ठरवूनच आले होते. गेल्या खेपेला ती म्हणाली होती, "रतन उटू दे, मग बगू." आता रतन उठली होती.

"आई, चल," मी म्हटलं. "गाडी आणलीये. गाय बरी झाली की."

आई तेल लावत राहिली.

"जनावरांचे डॉक्टर सांगून गेलेत ना, लंपीसाठी शेळीच्या देवीची लस टोचलीये सगळ्या जनावरांना. आता काही होत नाही. किती दिवस आक्कानं एकटीनं तुझं करायचं?"

"म्या न्हाय यायची," आई म्हणाली.

"का पण?"

"न्हाय म्हनलं की."

मग माझा तोल गेला. इतक्या वर्षांचं साठलेलं एकदम उसळलं. "तुला एकच लेक हाय का गं?" मी म्हटलं. सोलापुरात शाळेत शुद्ध बोलणारी मी, रागावले की गावावर येते. "हिच्या बोटाला फोड आलं तर पाया पडलीस. गाईला आलं तर तेल लावत बसलीस. माजा गुडघा फुटला हुता त्या दिवशी. कुणाचं प्वार हाय म्हनलीस! मी काय केलं हुतं तुजं?"

आक्का चहा घेऊन येत होती. तिनं कप गव्हाणीच्या कडेवर ठेवले. माझी आक्का कधी आवाज चढवत नाही. तेव्हाही चढवला नाही.

"तुला लपवलं हुतं तिनं," ती म्हणाली. "म्हाईत न्हाय तर बोलू नगं."

"कशापासनं लपवलं?"

"देवीपासनं. म्या डोळं मिटून पडले हुते. तिला वाटलं झोपले. हात जोडून सांगत हुती देवीला, ही थोरली तेवडी माजी. धाकटी शेजारची हाय, तिच्याकडं बगू नगंस. बसायचं तर हितंच बस." मग पुढचं म्हणाली. "आन न्यायचं झालं तर हिलाच ने."

रतन कडबा चावत होती. आईचं तेलाचं बोट एका वणावर थांबलं होतं.

मला आनंद झाला. माझी बहीण समोर उभी होती, तिच्या तोंडावर रक्ताचा थेंब नव्हता, आणि मला आतून उकळ्या फुटत होत्या, हेच खरं. आईनं मला लपवलं होतं! जिच्याकडे ती बघत नव्हती ती मी होते, जिला ती जाऊ द्यायला तयार नव्हती तीही मीच होते. आणि मग आक्का दिसली. चौदा वर्षांची, डोळे मिटून पडलेली, तोंडात सोललेलं द्राक्ष.

"तू ऐकलं हुतंस व्हय गं?" आईनं विचारलं. तिनं आक्काकडे बघितलं नाही.

"ऐकलं."

"कदी बोलली न्हाईस."

"काय बोलायचं?" आक्का म्हणाली. "हात बरं झालं, पुन्ना धारा काडाया लागले. पर हिचा लई राग यायचा मला. हिची येणी घालताना तुजं हात कापायचं, ते बगत बसायची म्या."

म्हणजे तीही जळत होती. माझ्या त्या घट्ट वेणीवर! आईनं बोट पदराला पुसलं. बराच वेळ पुसत राहिली. मग माझ्याकडे बघून, अगदी सरळ माझ्याकडे बघून म्हणाली,

"थोरलीला म्या देवीम्होरं केलं, धाकटे. माज्या तोंडानं केलं. आता तिला सोडून तुज्याकडं कशी यिऊ? तूच सांग."

आक्का तिथंच उभी होती, ना पुढं येत होती ना मागं जात होती. मी उठले. तिच्या दंडाला धरलं आणि आईशेजारी त्या पोत्यावर बसवलं. तिनं अंग आखडून घेतलं होतं, मग सोडलं. आई तिचा हात मांडीवर घेऊन बघायला लागली.

चहा निवला होता. मी तो तसाच प्याले, चपला घातल्या आणि गाडीकडे निघाले. आईला मी जास्त हवी होते, हे आता मला माहीत होतं. आणि त्याच कारणानं माझी ती खोली रिकामी राहणार होती. कुंपणाशी येऊन एकदा मागं बघितलं. दोघी पोत्यावर बसलेल्या, एकमेकींना टेकून, आणि मला आक्काचा हेवा वाटला.